मोइझचा मामा

"माय अंकल हॅड मी शॉट," इला म्हणाली आणि टोस्टसाठी ताटली पुढे केली.

प्रल्हादनं तिच्या ताटलीत टोस्ट ठेवला. लोण्याचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. वाक्य साधंच होतं. शाळेतल्या लुटुपुटूच्या खटल्यात म्हणायचं होतं आणि ती सकाळपासून तेच घोकत होती, आरशासमोर एकदा, जिन्यात एकदा, आणि आता स्वयंपाकघरात. माझ्या अंकलच्या हुकमावरून मला गोळ्या घातल्या. अंकल बापाकडचा की आईकडचा हे इंग्रजीत सांगावं लागत नाही. भाषा सोयीची आहे. पण प्रल्हादच्या मनानं, कुणी विचारलेलं नसताना, मामा हाच शब्द उचलला आणि तो छातीच्या थोडा वर, घशाच्या थोडा खाली अडकून बसला. दुखलं वगैरे काही नाही. हल्ली दुखतच नसे. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ जाड होतो, चावला तरी कळत नाही, तसं त्याचं गेली अडीच-पावणेतीन वर्षं आतून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटत होतं. दुखण्यापेक्षा न कळणं काय वाईट?

"कुणाचं काम करतेयस तू?" बायकोनं, नीलांबरीनं, दोनदा सांगितलेलं असूनही त्यानं विचारलं.

"मोइझ. जनरल मोइझ. तूसाँचा नेफ्यू. बाबा, तू ज्यूरीत आहेस आज. यू शुड नो धिस."

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?"

"नो. आय आस्क्ड फॉर इट."

ती टोस्ट हातात घेऊनच बसकडे धावली. दार नीट लागलं नाही. नोव्हेंबरची ओली हवा आत येत राहिली आणि प्रल्हाद ते लावायला उठला नाही. ज्यूरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या पालकांत, आपण आहोत हे त्याला कालच कळलं होतं. फॉर्म नीलांबरीनं भरला होता, कारण तिची औषधांच्या दुकानातली पाळी सकाळची आणि "तू तर घरीच असतोस ना दिवसा." घरी म्हणजे तळघरात. तळघरात त्याचं ऑफिस होतं, दोन टेबलं, एक फॅक्स, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा आणि त्यात टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे एकेक मुलगा, पुण्याचा, नागपूरचा, मुंबईचा, प्रल्हादच्या कंपनीच्या व्हिसावर आलेला आणि कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीत काम करणारा. एकतीस टाचण्या. श्रूजबरीसारख्या गावात एवढं कमावलेला माणूस मराठी मंडळाच्या दिवाळीत पहिल्या रांगेत बसतो, आणि प्रल्हादही बसे.

खाली जाऊन त्यानं रोजच्यासारखा तो ईमेल उघडला. एकोणीस दिवस झाले होते. "मामा, माझी ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. तुमच्याकडच्या दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर लागेल. या महिन्यात फाइल गेली नाही तर व्हिसाची सहा वर्षं पुरी होतील आणि मला परत जावं लागेल. सिद्धेश." नमस्कार नाही, राग नाही, तुम्ही कसे आहात नाही. सिद्धेश त्याच्या सख्ख्या बहिणीचा, सुलभाचा मुलगा. आता सनीव्हेलला दुसऱ्या कुठल्या कंपनीत. आणि हे पत्र म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता, हे हे काम केलं, वागणूक चांगली, खाली सही. वर्षाला अशी दहा-बारा पत्रं या तळघरातून जात. नमुना तयार होता. शनिवारी इलाच बसून ती टाइप करी, प्रल्हाद फक्त सही करी. पण नमुन्याच्या शेवटी एक जागा होती, नोकरी सोडण्याचं कारण. तिथं एरवी "स्वेच्छेनं" पडतं. सिद्धेशच्या बाबतीत तिथं काय पडणार? त्यामुळे आज लिहू, उद्या लिहू. सूड होता असंही नाही. सूडाला निदान ऊब तरी असते. प्रल्हाद रोज ईमेल उघडे, वाचे, बंद करी आणि चहाला वर जाई, एवढंच. आजही तो चहाला वर गेला.

शाळेत साडेबाराला पोचायचं होतं. रूट नाइनवर गाडी सिग्नलला थांबली, शेजारी एक मोठी व्हॅन उभी राहिली, आणि त्याला ती दुसरी व्हॅन आठवली. आठवली म्हणजे तिचा वास आला, अकरा माणसांच्या जॅकेटांचा आणि पातेल्यातून सांडलेल्या वरणाचा. दोन हजार एकचा जानेवारी, सुपर बोलचा, फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा रविवार, आख्खा देश टीव्हीसमोर आणि रस्ते मोकळे. तेव्हा तो न्यू जर्सीतल्या एका कन्सल्टिंग कंपनीत कोऑर्डिनेटर होता. पद मोठं वाटतं. काम असं की विमानतळावरून मुलं आणायची, एडिसनच्या गेस्ट हाऊसमध्ये टाकायची, तांदळाची पोती आणून द्यायची आणि इंटरव्ह्यूला गाडीतून न्यायचं. म्हणजे गाडीवानच. त्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड कधीच झालेलं, श्रूजबरीला घर, बायको, मुलगी. शुक्रवारी घरी, सोमवारी एडिसनला. मुलांचं तसं नव्हतं. काम मिळेपर्यंत त्यांना बेंचवर बसवून ठेवत, पगार नाही, दिवसा हीटर बंद, आणि पासपोर्ट "सांभाळण्यासाठी" साहेबांच्या लोखंडी कपाटात. त्यात एकाचे वडील गेले. पासपोर्ट मागायला गेला तर साहेब म्हणाले, बुधवारचा इंटरव्ह्यू देऊन मग जा. तो मुलगा परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजला, आणि सिद्धेश, जो त्या अकरांत होता, ज्याला प्रल्हादनंच आग्रह करकरून आणला होता, तो म्हणाला, "मामा, तुम्ही काहीतरी करा ना." मामानं केलं. त्या आठवड्यात तो घरी गेलाच नाही. साहेब मित्राकडे मॅच बघायला गेले तेव्हा कपाट उघडलं, अकराच्या अकरा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात दिले आणि सगळ्यांना व्हॅनमध्ये घालून श्रूजबरीला आणलं. नीलांबरीनं त्या रात्री तीनदा पिठलं टाकलं. मुलं पायऱ्यांवर, जिन्यात, जिथं जागा मिळेल तिथं बसून जेवली आणि कुणीतरी म्हणालं, प्रल्हाददादा नसते तर आम्ही तिथंच मेलो असतो. ही गोष्ट पुढे मंडळात किती वेळा सांगितली गेली! सांगताना एक तपशील मात्र नेहमी गळत असे. कपाट फोडावं लागलं नव्हतं. त्याची किल्ली प्रल्हादच्याच जुडग्यात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणजे बंड करायला तो आदल्या रविवारीही मोकळा होता, आणि आदल्या वर्षीही. मागून हॉर्न वाजला. सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

वर्गात बाकं बाजूला सरकवून न्यायालय मांडलं होतं. ज्यूरीला प्लास्टिकच्या सहा खुर्च्या, सगळ्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे आईबापांचे गुडघे हनुवटीला लागत होते. रेडिएटर खदखदत होता आणि लाकडी जमिनीला लावलेल्या मेणाचा गोडसर वास येत होता. शिक्षिकेनं फळ्यावर लिहून ठेवलं होतं की आरोपी मुक्तिदाता की हुकूमशहा, आणि खाली त्याचं नाव, तूसाँ लूव्हर्त्यूर. ज्यूरीतल्या पालकांना काहीच ठाऊक नसणार हे गृहीत धरून तिनं थोडक्यात सांगितलं. आजच्या हैतीत तेव्हा फ्रेंचांचे उसाचे आणि कॉफीचे मळे होते, त्यांवर पाच लाखांच्या घरात गुलाम. सतराशे एक्याण्णवमध्ये त्यांनी बंड केलं आणि तूसाँनं त्या बंडाचं सैन्य केलं. मुलांनी भराभरा पुरावे मांडले. बंड झालं तेव्हा तो स्वतः गुलाम नव्हताच, कधीचा सुटला होता, मळ्यावर मालकाची गाडी हाकत असे. पहिल्या धामधुमीत त्यानं म्हणे आधी मळ्याच्या व्यवस्थापकाचं कुटुंब सुखरूप बाहेर काढलं. प्रल्हादच्या शेजारी एक सावळ्याहून गडद, जाडजूड म्हातारी बसली होती, कोट न काढता, पर्स मांडीवर धरून. मादाम ऑगुस्तँ, तिनं हात पुढे करून नाव सांगितलं. ती वूस्टरच्या नर्सिंग होममध्ये काम करी, जन्म हैतीचा, आणि सरकारी वकील झालेला चष्म्याचा मुलगा तिचा नातू होता. "मी त्याला म्हटलं, तू याच्या बाजूनं उभा राहा," ती प्रल्हादच्या कानाशी पुटपुटली, "तर म्हणतो, आजी, ते सोपं आहे."

नातवानं आरोप तीन ठेवले होते. एक, स्वातंत्र्य मिळाल्यावर यानं स्वतःला मरेपर्यंत गव्हर्नर करून घेतलं. दोन, ज्यांच्या बेड्या तोडल्या त्यांनाच हुकूम काढून पुन्हा त्याच मळ्यांवर पाठवलं, परवान्याशिवाय हलायचं नाही, वर सैनिकांचा पहारा. मजुरी मिळे, पण मळा सोडता येत नसे. तीन, जनरल मोइझ. बचावाची मुलगी हुशार होती. तिनं विचारलं, बंदुका कशानं घेणार होते ते? साखर आणि कॉफी विकूनच ना? मळे बंद पडले असते तर फ्रेंच दुसऱ्याच महिन्यात परत आले असते. आणि आलेच ना ते शेवटी? त्याला बोलणी करू म्हणून बोलावून पकडलंच ना, आणि बर्फातल्या किल्ल्यात कुडकुडून मारलंच ना? प्रल्हादला वाटलं, बरोबर आहे. वाटलं म्हणण्यापेक्षा मान आपोआप हलली. सगळी उत्तरं त्याला पाठ होती. दोन हजार एकच्या वसंतात त्यानं स्वतःची कंपनी काढली, अकराच्या अकरा मुलं तिच्यात आली, आणि मग सप्टेंबर उजाडला. दोन विमानांनंतर एकेक क्लायंट काम कॅन्सल करत गेला. नव्याचे नऊ दिवस संपले. दोघं मुलं न सांगता दुसऱ्या कंपनीत पळाली तेव्हा प्रल्हादनं उरलेल्यांना बसवून सांगितलं की बाबांनो, पासपोर्ट माझ्याकडे ठेवा, हरवतात, आपली माणसं आहोत. सगळ्यांनी दिले. दगडापेक्षा वीट मऊ, असं त्यांतला एक जण हसून म्हणालाही. मग बेंचवरच्यांना तळघरात नऊ ते पाच बसवायचं ठरलं, म्हणजे शिस्त राहते. मग हजेरीचं रजिस्टर आलं. प्रत्येक पावलाला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. आजही, या मुलांच्या खुर्चीत गुडघे वर घेऊन बसल्यावरही, एकही कारण त्याला खोटं वाटेना. हेच तर विचित्र होतं. कुठल्या दिवशी आपण इकडचे तिकडे झालो तो दिवस शोधायला गेलं तर दिवस सापडतच नव्हता.

"द प्रॉसिक्यूशन कॉल्स जनरल मोइझ."

इला उठली. डाव्या डोळ्यावर तिनं काळी पट्टी बांधली होती, कारण मोइझचा एक डोळा लढाईत गेला होता. एरवी घरात ओरडणारी पोरगी इथं अगदी हळू बोलत होती. तूसाँनं मला वाढवलं, ती म्हणाली. घोड्यावर बसायला शिकवलं. त्यानं जनरल केलं म्हणून मी जनरल. मग उत्तरेकडच्या मळ्यांवरची माणसं माझ्याकडे येऊ लागली. ती विचारत, आमच्यासाठी बदललं काय?

"मग तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत?" मादामच्या नातवानं विचारलं.

"काहीच नाही. आय डिड नॉट हॅव वन. म्हणून ती उठली तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही."

"अँड देन?"

"माय अंकल हॅड मी शॉट."

प्रल्हादला वाटलं होतं ती आता आपल्याकडे बघेल. तो तयार होता. त्यानं चेहऱ्यावर काहीतरी आणलंही होतं, कौतुकासारखं. पण इला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, दुसरीकडे बघायला काहीच नाही म्हणून माणूस बघतो तशी. रेडिएटर खदखदला. त्याला दोन हजार तीनचा जानेवारी आठवला. सकाळी नऊला तो तळघरात उतरला तेव्हा सहा मुलं बसली होती आणि रजिस्टर कोरं होतं. सिद्धेश उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं, उलट थोडा लाजल्यासारखाच झाला होता. "मामा, एडिसनलासुद्धा रजिस्टर नव्हतं," तो म्हणाला, "आम्ही सही करणार नाही. आणि पासपोर्ट द्या सगळ्यांचे." प्रल्हाद वर आला. संगणकाशी बसून वकिलाला तीन ओळी लिहिल्या की या कर्मचाऱ्याची आम्हाला आता गरज नाही, त्याचा व्हिसा मागे घ्यावा. बटण दाबलं. मग नीलांबरी म्हणाली पान वाढलंय, आणि तो जेवायला बसला. भेंडीची भाजी होती, थोडी जास्त परतलेली, कुरकुरीत. ती चव अजून जिभेवर होती. त्या दिवसाचं बाकी काही नाही, राग नाही, भीती नाही, सिद्धेशचा चेहराही धड नाही, फक्त भेंडी. बाकीच्या पाच जणांनी दुपारी निमूट सह्या केल्या. बारा दिवसांनी, दुसरी कंपनी मिळाल्यावर, सिद्धेश बॅग घेऊन निघाला तेव्हा इला बारा वर्षांची होती. त्यानंच तिला तळ्यावरच्या बर्फात स्केटिंग शिकवलं होतं. तिनं विचारलं, दादा परत कधी येणार? प्रल्हाद म्हणाला, त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. सुलभानं नागपूरहून एकदाच फोन केला. ती म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरानं चोरी केली का नं? तेवढं सांगून टाक." तो म्हणाला, नाही. "मग बरं," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिचा फोन नाही. भाऊबीज येते आणि जाते.

शिक्षिकेनं ज्यूरीला सांगितलं की नुसतं दोषी-निर्दोष नको, प्रत्येकानं एकेक वाक्य बोलावं. या माणसाची आठवण आपण कशी ठेवावी? पालक अवघडले. एक बाप म्हणाला, त्या काळात बसून विचार करायला हवा. एक आई म्हणाली, कॉम्प्लिकेटेड. प्रल्हादची पाळी आली. शब्द तयार होते, आणि ते इतके सहज आले की त्याला स्वतःचंच नवल वाटलं. "ही डिड व्हॉट वॉज नेसेसरी," तो म्हणाला. शिक्षिकेनं मान डोलावली. दोन-तीन पालकांनीही डोलावली. कुठल्यातरी पोरानं वहीत लिहून घेतलं. मादाम ऑगुस्तँ शेवटची होती. ती पर्स धरून उभीच राहिली. "माझ्या आजीच्या घरात याची तसबीर होती," ती म्हणाली, "रोज सकाळी ती पुसायची. पुसताना म्हणायची, तू नसतास तर मी नसते. आणि मग म्हणायची, पण मोइझला का मारलंस रे? रोज. दोन्ही." ती खाली बसली. "हे एक वाक्य नाही झालं," तिनं शिक्षिकेला सांगितलं, आणि मुलं हसली. निकाल चार विरुद्ध दोन, निर्दोष. प्रल्हाद चारांत होता. टाळ्या वाजल्या, त्यानंही वाजवल्या, कानांना आवाज कळला, तळव्यांना स्पर्श कळला नाही.

गाडीत इला पट्टी सोडून केसांतून बोटं फिरवत होती. "मस्त केलंस," तो म्हणाला.

"थँक्स."

"तुमच्या वकिलाची आजी भारी आहे."

"हं." मग पट्टीची घडी करत ती म्हणाली, "बाबा, सिद्धेशदादाच्या ईमेलला तू रिप्लाय केलास?"

"तुला काय माहीत त्याचा ईमेल?"

"शनिवारी तुझं इनबॉक्स मीच सॉर्ट करते ना. यू टोल्ड मी टू."

"करणार आहे," तो म्हणाला. ती खिडकीबाहेर बघू लागली. त्याच्या लक्षात आलं की आपण वेग वाढवलाय, आणि त्यानं कमी केला. घरी शिरतात तोच तळघरातला फोन वाजू लागला. तो बूट न काढता खाली गेला, इला त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

फोन सनीव्हेलहून होता, एका वकिलाच्या ऑफिसातून. बाईनं इंग्रजीत सुरुवात केली, मग नाव ऐकून म्हणाली, "काका, मराठीत बोलू का? मी हिमानी. माझं मराठी थोडं ब्रोकन आहे, हं, सॉरी. सिद्धेशची फाइल मी बघते. तुमचं लेटर मिळालं."

"कुठलं लेटर?"

"एक्सपिरियन्स लेटर. मंडेला फॅक्स आलं, सिद्धेशकडे आणि आमच्याकडे. तुमच्या लेटरहेडवर आहे, तुमची साइन आहे. तुमचीच ना? व्हेरिफाय करायला लागतं, काका, नथिंग पर्सनल."

प्रल्हादनं मान वळवली. इला जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होती, कठड्याला धरून, आणि या वेळी मात्र ती सरळ त्याच्याकडे बघत होती. त्याला एकदम सगळं समजलं, अगदी शांतपणे, बेरीज सुटावी तसं. शनिवार, नमुना, लेटरहेड. त्याची सही ती लहानपणी वहीत गिरवायची आणि तो कौतुकानं सगळ्यांना दाखवायचा. नाही म्हणावं, तर सिद्धेश उद्याच संपला आणि ही पोरगी खोट्या सहीची धनी. हो म्हणावं, तर हो.

"माझीच," तो म्हणाला.

जिन्यावर इलानं श्वास सोडला. तो त्याला ऐकू आला.

"ग्रेट. मग एकच क्वेश्चन," हिमानी म्हणाली. "लास्ट लाइन आहे ना, रीझन फॉर लीव्हिंग, ती थोडी अनयूज्वल आहे. मी वाचते हं." ती इंग्रजीत वाचू लागली. आवाज सपाट होता, पत्ता वाचावा तसा. सिद्धेशला कामावरून कमी केलं ते त्याचं काम वाईट होतं म्हणून नव्हे. त्यानं इतरांसाठी योग्य ती मागणी केली म्हणून. तो बरोबर होता, मी चुकलो. "आमचे अटर्नी म्हणतात, चालेल, इट्स नॉट अ प्रॉब्लेम. पण काका, तुमच्याच कंपनीबद्दल रिटनमध्ये आहे, म्हणून तुम्हाला विचारायला सांगितलं. ठेवायची की नवीन प्लेन लेटर पाठवता? टुडे पाठवलं तरी चालेल. केसला काही फरक नाही पडत."

केसला फरक पडत नव्हता. ओळ राहिली तरी पत्र चालणार होतं, गेली तरी चालणार होतं. इतकं फुकट काही प्रल्हादला आयुष्यात कुणी देऊ केलं नव्हतं. स्वतः लिहायचीही गरज नव्हती, फक्त राहू दे म्हणायचं. राहू दे. तीन अक्षरं जिभेवर आली, दातांपर्यंत आली. मग नकाशावरच्या एकतीस टाचण्या दिसल्या, पासपोर्टांचा खण दिसला, कागदावर आलेलं कुणाच्याही हातात जातं हे वाक्य दिसलं, आणि तेही कारण खरंच होतं, नेहमीसारखं.

"प्लेन पाठवतो," तो म्हणाला.

"शुअर, काका. मोस्ट पीपल कीप इट प्लेन."

त्यानं फोन ठेवला. इला खाली आली, त्याच्या शेजारून गेली, संगणकाशी बसली आणि फाइल उघडून शेवटची ओळ काढली. "व्हॉट डू आय पुट?" तिनं विचारलं.

"स्वेच्छेनं."

तिनं टाइप केलं. प्रिंटरनं कागद दिला, त्यानं सही केली, तिनं तो फॅक्समध्ये सरकवला. कागद आत जाईपर्यंत दोघं तिथंच उभी होती. "ती लाइन खोटी होती?" तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं.

"नाही."

"ओके," इला म्हणाली आणि वर गेली. तिच्या पावलांचा आवाज दोन मजले चढत गेला. तो सुटल्यासारखं वाटायची वाट बघत बसला, शिंक येता येता राहते आणि माणूस तोंड उघडं ठेवून बसतो तसा. काही आलं नाही. भाच्याचं काम झालं होतं. आज एक माणूस या देशात राहिला तो आपल्यामुळे, हे त्यानं स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते खरंही होतं.

अर्ध्या तासानं फोन पुन्हा वाजला. पावणेतीन वर्षांनी तो आवाज आला तरी त्यानं पहिल्या श्वासालाच ओळखला.

"मामा, सिद्धेश बोलतोय. लेटर मिळालं. थँक यू."

"हो. झालं ना काम?"

"झालं." मागं कुठंतरी लोक हसत होते, कॅन्टीन असावं. "मामा, आधीचं मला सोमवारी आलं होतं."

"हं."

"मला वाटलं, ते तुम्ही लिहिलंय. तीन दिवस मी ते खिशात घेऊन फिरतोय." आवाजात राग शोधायचा प्रल्हादनं प्रयत्न केला. सापडला असता तर बरं झालं असतं. "आईला फोनवर वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिनं मला दोनदा वाचायला लावली. म्हणाली, रविवारी भाऊला फोन लावते." कॅन्टीनमधली माणसं पुन्हा हसली. "मामा, तिला आता काय सांगू?"

प्रल्हादनं फोन या कानाचा त्या कानाला घेतला.

"पत्र मिळालं म्हणून सांग," तो म्हणाला.